उपदंश : उपचार हाती असूनही न सुटलेला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न

प्रस्तावना

मानवी इतिहासात ज्या रोगांनी शरीराइतकेच समाजमनालाही ग्रासले, त्यांत उपदंशाचे स्थान वरचे आहे. मराठी बोलीत 'गरमी' या नावाने आणि लिखाणात 'गुप्तरोग' या व्यापक शब्दाच्या पोटात वावरणारा हा रोग आता इतिहासजमा झाला आहे, असा अनेक सुशिक्षितांचाही समज असतो. क्षय, हिवताप, एड्स यांची चर्चा वृत्तपत्रांतून होत असते. उपदंशाची क्वचितच होते. वस्तुस्थिती मात्र या समजाला छेद देणारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८० लाख व्यक्तींना उपदंशाचा नव्याने संसर्ग झाला आणि त्याच वर्षी जगभरात जन्मजात उपदंशाची सुमारे ७ लाख प्रकरणे घडली.

ही आकडेवारी एका विसंगतीकडे लक्ष वेधते. उपदंशाचा जंतू १९०५ साली सापडला. त्याची रक्तचाचणी १९०६ साली तयार झाली. १९४३ साली त्यावर पेनिसिलीन प्रभावी ठरते हे सिद्ध झाले. कारण ज्ञात, निदान सुलभ आणि औषध स्वस्त, अशी तिहेरी अनुकूलता फार थोड्या रोगांच्या वाट्याला आली आहे. असे असूनही हा रोग संपत का नाही, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. रोगाचे स्वरूप, निदानातील अडचणी, उपचार, जन्मजात उपदंश आणि सामाजिक दृष्टिकोन अशा क्रमाने त्याचा विचार येथे केला आहे. उपदंश हा रोग स्वतः लपतो आणि समाजही त्याला लपवतो. या दुहेरी लपवणुकीमुळे तपासणी आणि उपचार यांच्यामधील साखळी तुटते, आणि आजचे आव्हान मुख्यतः या तुटलेल्या साखळीचे आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१. नावाचा इतिहास : दोष नेहमी दुसऱ्याचा

युरोपात या रोगाची पहिली मोठी साथ १४९५ च्या सुमारास उद्भवली. फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्या सैन्याने नेपल्सवर स्वारी केली असताना सैनिकांमध्ये हा रोग फैलावला आणि सैन्य पांगताच तो सर्व युरोपभर पोहोचला. इटालियन लोकांनी त्याला 'फ्रेंचांचा रोग' म्हटले, तर फ्रेंचांनी 'नेपल्सचा रोग'. प्रत्येक समाजाने त्याला शेजाऱ्याचे नाव दिले. 'सिफिलिस' हे नाव इटालियन वैद्य व कवी जिरोलामो फ्राकास्तोरो याच्या १५३० मधील लॅटिन काव्यातील एका मेंढपाळाच्या नावावरून रूढ झाले. हा रोग कोलंबसाच्या खलाशांबरोबर अमेरिकेतून आला की त्याआधीच जुन्या जगात होता, याविषयी संशोधकांत दीर्घकाळ वाद चालू आहे.

भारतातही नामकरणाचा हाच प्रकार घडला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'फिरंगरोग' या नावाने एका नव्या व्याधीचे वर्णन येते. फिरंगी लोकांच्या संसर्गातून होणारा म्हणून तो फिरंगरोग. त्यावर पारदयुक्त रसकर्पूर आणि चोपचिनी ही औषधे सांगितली आहेत. येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. चरक-सुश्रुतांच्या संहितांत 'उपदंश' हा शब्द आढळतो. परंतु तेथे तो जननेंद्रियाच्या निरनिराळ्या विकारांसाठी व्यापक अर्थाने वापरला आहे. आधुनिक मराठीने तोच शब्द 'सिफिलिस'साठी स्वीकारला. त्यामुळे केवळ शब्दसाम्यावरून हा विशिष्ट रोग प्राचीन भारतात होता असा निष्कर्ष काढता येत नाही.

नावांचा हा इतिहास केवळ भाषिक कुतूहलाचा विषय नाही. रोग हा नेहमी 'दुसऱ्याचा' असतो, परक्याचा, सैनिकाचा, वेश्येचा असतो, ही धारणा त्यातून दिसते. याच धारणेमुळे 'आपल्या' घरातील गर्भवती स्त्रीची तपासणी करण्याची गरज आजही अनेकांना वाटत नाही.

२. रोगकारक जिवाणू आणि रोगाच्या अवस्था

फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये शोधलेला 'ट्रेपोनेमा पॅलिडम' हा जिवाणू मळसूत्राच्या आकाराचा आणि अत्यंत बारीक असतो. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही. त्यासाठी कृष्णक्षेत्र सूक्ष्मदर्शक वापरावा लागतो. मानव हाच त्याचा नैसर्गिक आश्रयदाता आहे. शरीराबाहेर तो फार काळ तग धरत नाही. म्हणून भांडी, कपडे किंवा शौचालय यांतून उपदंश होतो ही समजूत निराधार ठरते. तो लैंगिक संबंधातून, गर्भवतीकडून गर्भाला आणि क्वचित दूषित रक्तातून पसरतो. बहुतेक जिवाणूंचे विभाजन मिनिटांच्या हिशेबात होते. या जिवाणूला त्यासाठी तीस तासांहून अधिक काळ लागतो. त्याच्या बाह्य आवरणावर प्रथिने फार विरळ असतात आणि त्यांपैकी काहींचे रूप तो सतत बदलत राहतो. परिणामी शरीराच्या प्रतिकारशक्तीला तो सहजी ओळखू येत नाही. १९९८ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच उलगडला गेला. तथापि प्रयोगशाळेत पेशींच्या साहाय्याने त्याची दीर्घकाळ वाढ करण्यात यश यावयास २०१८ साल उजाडावे लागले. यावर अद्याप लस नाही, यामागे हेही एक कारण आहे.

संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी, परंतु दहा ते नव्वद दिवसांच्या दरम्यान केव्हाही, जंतूच्या प्रवेशाच्या ठिकाणी एक व्रण उमटतो. ही प्राथमिक अवस्था होय. हा व्रण बहुधा दुखत नाही. स्त्रियांत तो योनिमार्गाच्या आत किंवा गर्भाशयमुखावर असल्यास दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून येतो आणि रुग्णाला बरे झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात या काळात जंतू रक्तावाटे सर्व शरीरात पसरलेले असतात.

दुय्यम अवस्थेत अंगावर, विशेषतः तळहात व तळपायांवर, न खाजणारे पुरळ उठते. ताप, घसा दुखणे, लसिका ग्रंथींची सूज, डोक्यावरील केस ठिकठिकाणी गळणे, तोंडात व जननेंद्रियाजवळ ओलसर चट्टे येणे ही अन्य लक्षणे होत. यातील प्रत्येक लक्षण दुसऱ्या कोणत्या तरी रोगाचे वाटू शकते. म्हणूनच वैद्यकात उपदंशाला 'महान नकलाकार' म्हटले जाते. ही लक्षणेही उपचाराविना ओसरतात आणि रोग सुप्तावस्थेत जातो. या अवस्थेत रुग्णाला कोणताही त्रास नसतो. केवळ रक्तचाचणीच रोगाचे अस्तित्व सांगू शकते.

उपचार न झालेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत अनेक वर्षांनी, कधी दोन-तीन दशकांनी, रोग पुन्हा डोके वर काढतो. नॉर्वेतील ऑस्लो येथे १८९१ ते १९१० या काळात नोंदलेल्या उपचाररहित रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यातून हे प्रमाण पुढे आले. या तृतीय अवस्थेत महारोहिणी फुगणे, त्वचा व हाडांत गाठी होणे, स्मृतिभ्रंश, पक्षाघात असे गंभीर विकार संभवतात. मज्जासंस्था, डोळे आणि कान यांना मात्र रोगाच्या कोणत्याही अवस्थेत बाधा होऊ शकते. अचानक दृष्टी मंदावलेल्या किंवा ऐकू येईनासे झालेल्या रुग्णात उपदंशाची शंका घेणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

वरील क्रम पाहिला तर रोगाची पहिली फसवणूक ध्यानात येते. प्रत्येक टप्प्यावर लक्षणे आपोआप नाहीशी होतात. जो रोग दुखत नाही आणि स्वतःहून बरा झाल्यासारखा दिसतो, त्यासाठी सामान्य मनुष्य दवाखान्याची पायरी चढत नाही.

३. निदानातील गुंतागुंत

१९०६ मध्ये ऑगुस्ट फॉन वासरमन आणि सहकाऱ्यांनी रक्तचाचणी विकसित केली. तिचेच सुधारित रूप असलेली 'व्हीडीआरएल' ही चाचणी आपल्याकडे गर्भवतीच्या तपासणीच्या कागदावर सर्रास आढळते. तिच्या नावातील चार अक्षरे ज्या अमेरिकी प्रयोगशाळेत ती तयार झाली त्या प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरे आहेत. 'आरपीआर' ही याच जातीची दुसरी चाचणी.

या चाचण्यांचे वैशिष्ट्य असे की त्या जंतू शोधत नाहीत, तसेच जंतूविरुद्धची विशिष्ट प्रतिपिंडेही शोधत नाहीत. पेशींच्या हानीमुळे कार्डिओलिपिन या स्निग्ध पदार्थाविरुद्ध जी प्रतिपिंडे तयार होतात ती त्या मोजतात. म्हणून कुष्ठरोग, हिवताप, ल्युपस यांसारख्या विकारांत आणि कधी कधी केवळ गर्भारपणातही त्या चुकीने सकारात्मक येऊ शकतात. उलट प्रतिपिंडे अतिशय जास्त असतील तर मूळ रक्तद्रवात चाचणी नकारात्मक दिसते आणि रक्तद्रव विरल केल्यावरच खरी स्थिती कळते. 'टीपीएचए' आणि तत्सम चाचण्या जंतूविरुद्धची विशिष्ट प्रतिपिंडे शोधतात. परंतु एकदा सकारात्मक आल्यावर त्या बहुधा आयुष्यभर तशाच राहतात. त्यामुळे रोग आज सक्रिय आहे की पूर्वी बरा झाला आहे, हे त्या सांगू शकत नाहीत.

यावरून दोन्ही प्रकारच्या चाचण्यांची सांगड का घालावी लागते हे स्पष्ट होते. रोगाची पुष्टी विशिष्ट चाचणी करते, तर उपचाराचा परिणाम व्हीडीआरएल किंवा आरपीआर यांच्या प्रमाणावरून समजतो. उदाहरणार्थ, उपचारापूर्वी १:३२ असलेले प्रमाण पुढील काही महिन्यांत १:८ किंवा त्याहून खाली आले, म्हणजे चौपटीने उतरले, तर उपचार लागू पडला असे मानतात. एकाच चाचणीच्या एकाच अहवालावरून एखाद्याच्या चारित्र्याविषयी निष्कर्ष काढणे हे वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे. विवाहपूर्व किंवा गर्भारपणातील तपासणीत असा अहवाल हाती पडलेल्या कुटुंबाला ही गोष्ट समजावून सांगणे हा निदानाचाच भाग मानला पाहिजे.

अलीकडे बोटातील रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत निष्कर्ष देणाऱ्या पट्टीचाचण्या उपलब्ध झाल्या आहेत. एचआयव्ही व उपदंश या दोहोंची तपासणी एकाच पट्टीवर करण्याची सोयही आहे. प्रयोगशाळा नसलेल्या उपकेंद्रात अहवालासाठी आठ दिवस थांबावे लागू नये, हा त्यांचा सर्वांत मोठा लाभ होय.

४. उपचार : सोपा, स्वस्त आणि तरीही अडखळणारा

पेनिसिलीनपूर्वी सुमारे चार शतके उपदंशावर पारा हेच मुख्य औषध होते, आणि रोगाइतकेच औषधही रुग्णाला छळत असे. पॉल एर्लिख आणि साहाचिरो हाता यांनी १९०९ मध्ये शोधलेले 'साल्वरसान' हे आर्सेनिकयुक्त औषध आधुनिक रासायनिक उपचारपद्धतीचा आरंभ मानले जाते. १९१७ मध्ये ज्युलियस वाग्नर-याउरेग याने मज्जासंस्थेच्या उपदंशावर रुग्णाला मुद्दाम हिवताप देऊन उपचार केला आणि त्याबद्दल १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळवले. १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी याने चार रुग्णांना पेनिसिलीन देऊन बरे केले आणि या साऱ्या जोखमीच्या उपायांचे पर्व संपले.

आज प्राथमिक, दुय्यम आणि अलीकडच्या सुप्त अवस्थेत बेंझाथीन पेनिसिलीनचे २४ लाख एककांचे एकच इंजेक्शन स्नायूत दिले जाते. दीर्घकाळच्या सुप्त अवस्थेत तेच इंजेक्शन आठवड्याच्या अंतराने तीन वेळा देतात. मज्जासंस्थेला बाधा झाली असल्यास रुग्णालयात ठेवून शिरेवाटे पेनिसिलीन द्यावे लागते. पेनिसिलीनची ॲलर्जी असल्यास डॉक्सिसायक्लीन वापरता येते. गर्भवतीला मात्र ते देत नाहीत. गर्भातील बाळाचा उपचार खात्रीने करणारे औषध पेनिसिलीन हेच आहे. ॲझिथ्रोमायसिनविरुद्ध या जंतूने जगाच्या अनेक भागांत प्रतिकारक्षमता मिळवली आहे. पेनिसिलीनविरुद्ध मात्र ऐंशी वर्षांच्या वापरानंतरही ती आढळलेली नाही, ही वैद्यकातील दुर्मीळ सुदैवी बाब म्हणावी लागेल.

असे असताना अडचण कोठे येते? पहिली अडचण पुरवठ्याची आहे. बेंझाथीन पेनिसिलीन हे जुने, एकस्व संपलेले आणि अल्प नफ्याचे औषध असल्याने त्याचा कच्चा माल जगात मोजकेच उत्पादक तयार करतात. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य सभेने हे अत्यावश्यक औषध अनेक वर्षे टंचाईत असल्याची दखल घेतली. २०२३ मध्ये अमेरिकेसारख्या संपन्न देशातही त्याचा तुटवडा भासला. दुसरी अडचण भीतीची आहे. पेनिसिलीनच्या तीव्र ॲलर्जीची धास्ती, प्रत्यक्षात ती फार क्वचित उद्भवत असली तरी, अनेक डॉक्टर व परिचारिकांच्या मनात असते. त्यामुळे इंजेक्शन देण्याऐवजी रुग्णाला 'मोठ्या रुग्णालयात' पाठवले जाते, आणि पाठवलेले सगळेच तेथे पोहोचतात असे नाही. तिसरी अडचण जोडीदाराची आहे. रुग्ण बरा झाला तरी जोडीदाराचा उपचार झाला नाही तर पुन्हा संसर्ग होतो, कारण एकदा झालेला उपदंश दुसऱ्यांदा होण्यापासून भरवशाचे संरक्षण देत नाही.

५. जन्मजात उपदंश : आरोग्यव्यवस्थेची कसोटी

उपदंशाचा सर्वांत दारुण परिणाम भोगावा लागतो तो गर्भातील बाळाला. आईचा रोग उपचाराविना राहिल्यास जंतू वारेतून गर्भात जातात. अशा गर्भारपणांपैकी निम्म्याहून अधिक प्रकरणांत गर्भपात, मृतजन्म, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे बाळ, नवजात मृत्यू किंवा बाळाला रोग होणे यांपैकी एखादा परिणाम संभवतो. जन्मतः निरोगी दिसणाऱ्या बाळातही पुढे बहिरेपणा, दृष्टिदोष, हाडांची व दातांची विकृती प्रकट होऊ शकते. २०२२ मध्ये जगभरात या कारणाने सुमारे ३,९०,००० दुष्परिणाम घडले. त्यांत सुमारे १,५०,००० गर्भमृत्यू व मृतजन्म आणि सुमारे ७०,००० नवजात मृत्यू होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

हे दुष्परिणाम कोणत्या स्त्रियांच्या बाबतीत घडतात, याचे विश्लेषण २०१६ या वर्षाच्या जागतिक अंदाजात केले गेले. त्या वर्षीच्या सुमारे ३,५५,००० दुष्परिणामांपैकी सुमारे ७४,००० स्त्रिया प्रसूतिपूर्व तपासणीपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. सुमारे २,०३,००० स्त्रिया म्हणजे ५७ टक्के, तपासणीस आल्या होत्या, परंतु त्यांची उपदंशाची चाचणीच झाली नाही. आणखी सुमारे ५५,००० स्त्रियांची चाचणी झाली, परंतु उपचार झाला नाही. उरलेल्या सुमारे २३,००० प्रकरणांत चाचणी व उपचार होऊनही दुष्परिणाम टळला नाही.

या चार आकड्यांत आव्हानाचे खरे स्वरूप सामावले आहे. जवळजवळ तीन चतुर्थांश प्रकरणांत स्त्री आरोग्यव्यवस्थेच्या दारात उभी होती. व्यवस्थेनेच तिला चाचणी किंवा इंजेक्शन दिले नाही. दोष स्त्रीच्या अज्ञानाचा किंवा दुर्गमतेचा असल्याचे मानण्याची जी सवय आहे, तिला हे आकडे उत्तर देतात. उपचार गर्भारपणात जितक्या लवकर होईल तितका बाळाचा बचाव अधिक खात्रीचा. म्हणूनच पहिल्याच भेटीत चाचणी आणि त्याच दिवशी इंजेक्शन हा क्रम निर्णायक ठरतो.

संपन्नता ही या रोगापासून संरक्षण देत नाही, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून दिसते. तेथे १९९९ मध्ये उपदंशाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय योजना जाहीर झाली होती. तथापि, पुढे जन्मजात उपदंशाची प्रकरणे २०१२ मधील ३३५ वरून २०२३ मध्ये ३,८८२ वर गेली. २०२२ मधील अशा प्रकरणांपैकी जवळजवळ ९० टक्के प्रकरणे वेळेवर तपासणी व उपचार झाले असते तर टळू शकली असती, असे तेथील रोगनियंत्रण केंद्राने नमूद केले. याउलट क्यूबा, थायलंड आणि श्रीलंका यांनी अनुक्रमे २०१५, २०१६ आणि २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणाऱ्या एचआयव्ही व उपदंश संक्रमणाच्या निर्मूलनाचे जागतिक प्रमाणपत्र मिळवले. या तिन्ही देशांचे दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या जवळपासही नाही. त्यांचे यश प्रत्येक गर्भवतीपर्यंत पोहोचणाऱ्या सार्वजनिक प्रसूतिपूर्व सेवेचे आहे.

६. लज्जा, सक्ती आणि विश्वास

रोगाच्या स्वतःच्या लपण्याला समाजाच्या लपवण्याची जोड मिळते. लैंगिक संबंधातून होणारा रोग म्हणजे पापाचे फळ, ही कल्पना जगभर आढळते. या कल्पनेतून दोन प्रकारची धोरणे जन्मास आली, आणि दोन्ही अपयशी ठरली.

पहिले धोरण सक्तीचे. ब्रिटिश सत्तेने सैनिकांच्या आरोग्यासाठी १८६८ मध्ये भारतात सांसर्गिक रोग कायदा केला. कलकत्ता, मद्रास, मुंबई यांसारख्या शहरांत वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी, सक्तीची शारीरिक तपासणी आणि 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या रुग्णालयात डांबणे, असे त्याचे स्वरूप होते. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांवर असे कोणतेही बंधन नव्हते. स्त्रिया नोंदणी टाळू लागल्या, रोग आटोक्यात आला नाही, आणि इंग्लंडमधील व भारतातील विरोधानंतर १८८८ मध्ये हा कायदा रद्द झाला. एका बाजूची तपासणी आणि दुसऱ्या बाजूला मोकळीक, अशा पद्धतीने लैंगिक रोग थांबत नाही, हा त्याचा धडा होय.

दुसरे धोरण उपेक्षेचे. अमेरिकेतील टस्कीगी येथे तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंशाने बाधित ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचे केवळ निरीक्षण केले. त्यांना रोगाची खरी माहिती दिली नाही आणि पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी याबद्दल राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. संशोधनातील माहितीपूर्ण संमतीचे आजचे नियम घडण्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा आहे. परंतु त्या समाजाचा आरोग्यव्यवस्थेवरील विश्वास डळमळला, तो क्षमायाचनेने भरून निघाला असे म्हणता येत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात या ठिकाणी र. धों. कर्वे यांचे स्मरण उचित ठरेल. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवून संततिनियमनाबरोबरच गुप्तरोगांपासून बचाव हा विषयही मराठीत निःसंकोचपणे मांडला. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांपैकी एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली. रोगाविषयी बोलणे आणि अश्लील बोलणे यांतील भेद समाजाला पटवून देण्यासाठी एका मराठी प्राध्यापकाला किती किंमत मोजावी लागली, हे यातून कळते.

सक्तीपेक्षा विश्वास अधिक परिणामकारक ठरतो, याचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे. सांगली येथे १९९० च्या दशकात 'संग्राम' या संस्थेच्या कार्यातून वेश्याव्यवसायातील स्त्रियांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही स्वतःची संघटना उभी केली. रोगाचे वाहक म्हणून पाहिल्या जाणाऱ्या स्त्रिया तेथे आरोग्यशिक्षणाच्या कार्यकर्त्या बनल्या. समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या बाबतीतही हाच मुद्दा लागू पडतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे असे संबंध गुन्हा नसल्याचा निर्णय दिला. कायद्याची भीती दूर झाली, तरी दवाखान्यात खरे सांगण्याचे धैर्य येण्यासाठी डॉक्टरांची वागणूक बदलणे गरजेचे आहे.

७. भारतातील कार्यक्रम आणि त्यातील उणिवा

भारतात लैंगिक रोगांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९४६ मध्ये सुरू झाला आणि १९९२ मध्ये तो राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात समाविष्ट करण्यात आला. शासकीय रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने लैंगिक आरोग्याची केंद्रे स्थापन झाली. लक्षणांच्या समूहानुसार उपचार करता यावा म्हणून रंगांनी ओळखता येणारे औषधसंच तयार करण्यात आले. त्यांतील पांढऱ्या संचात जननेंद्रियावरील व्रणासाठी बेंझाथीन पेनिसिलीनचा समावेश आहे. रक्तपेढीत जमा होणाऱ्या प्रत्येक पिशवीची उपदंशासाठी तपासणी बंधनकारक आहे.

लक्षणानुसार उपचाराची ही पद्धत, प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत रुग्ण हातचा जाऊ नये यासाठी, उपयुक्त आहे. तथापि तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. सुप्तावस्थेतील रुग्णाला लक्षणच नसते, आणि गर्भवती स्त्रियांतील बहुसंख्य बाधित याच अवस्थेत असतात. त्यांच्यासाठी रक्तचाचणीला पर्याय नाही. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते आणि तीत उपदंशाच्या चाचणीचा अंतर्भाव आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यात एचआयव्हीबरोबरच उपदंशाच्या आईकडून बाळाला होणाऱ्या संक्रमणाचे निर्मूलन हे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

उद्दिष्ट योग्य असले तरी त्याची सिद्धी कागदावरील नोंदीपलीकडच्या काही गोष्टींवर अवलंबून आहे. चाचणी पहिल्या तिमाहीत व्हावी. सकारात्मक स्त्रीला त्याच केंद्रात इंजेक्शन मिळावे. पतीला बोलावून त्याचीही तपासणी व उपचार व्हावेत. खासगी रुग्णालयांतील प्रकरणांची नोंद शासनाकडे यावी. आणि बाळाचा जन्मानंतर पाठपुरावा व्हावा. यांपैकी पतीचा उपचार हा दुवा सर्वांत नाजूक आहे. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत स्त्रीची तपासणी एका गावी आणि प्रसूती दुसऱ्या गावी होते. राज्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे हे याचे ठळक उदाहरण होय. अशा स्त्रीचा अहवाल तिच्याबरोबर प्रवास करील, अशी व्यवस्था असल्याशिवाय साखळी पूर्ण होत नाही.

महाविद्यालयांचाही या प्रश्नाशी थेट संबंध आहे. लैंगिक संक्रमणाचा धोका ज्या वयात सुरू होतो त्याच वयाचे विद्यार्थी वर्गात बसलेले असतात. अनेक महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेबरोबर 'रेड रिबन क्लब' कार्यरत आहेत. परंतु त्यांचे कार्यक्रम प्रायः एचआयव्ही आणि जागतिक एड्स दिनाची फेरी यांपुरते मर्यादित राहतात. उपदंशाचा व्रण एचआयव्हीच्या संसर्गाची शक्यता वाढवतो, हे विचारात घेता दोहोंची माहिती एकत्रच दिली जाणे तर्कसंगत ठरेल. न दुखणारा व्रणही तपासून घ्यावा, निरोध वापरल्यास धोका पुष्कळ कमी होतो, आणि उपदंश एका स्वस्त इंजेक्शनने बरा होतो, या तीन गोष्टी प्रत्येक पदवीधराला ठाऊक असाव्यात, ही अपेक्षा जास्त नाही.

निष्कर्ष

१. उपदंश टिकून राहण्याचे कारण वैद्यकीय ज्ञानाचा अभाव हे नसून, उपलब्ध ज्ञान योग्य वेळी रुग्णापर्यंत न पोहोचणे हे आहे.

२. रोगाची लक्षणे आपोआप ओसरत असल्याने केवळ लक्षणांवर विसंबणारी कोणतीही पद्धत अपुरी ठरते. नियमित रक्तचाचणी अनिवार्य आहे.

३. जन्मजात उपदंशाच्या बहुसंख्य प्रकरणांत गर्भवती स्त्री आरोग्यव्यवस्थेपर्यंत पोहोचलेली असते. त्यामुळे 'पहिल्या भेटीत चाचणी, त्याच दिवशी इंजेक्शन आणि सोबत जोडीदाराचा उपचार' ही त्रिसूत्री निर्मूलनाचा गाभा ठरते.

४. बेंझाथीन पेनिसिलीनचा अखंड पुरवठा आणि ते देण्याचा आत्मविश्वास असलेले कर्मचारी यांवाचून ही त्रिसूत्री अमलात येणार नाही.

५. सक्ती आणि उपेक्षा या दोन्ही धोरणांचा इतिहास अपयशाचा आहे. गोपनीयता आणि सन्मान यांची हमी असेल तरच रुग्ण व त्याचा जोडीदार तपासणीस पुढे येतात.

उपदंशाने मृत्यू पावलेल्या किंवा मृत जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत नियतीला अथवा आईच्या वर्तनाला दोष देणे सोपे असते. त्या बाळाच्या आईला गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत एक चाचणी आणि एक इंजेक्शन का मिळाले नाही, हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात विचारला गेला आणि त्याचे उत्तर संबंधित केंद्राच्या कामात सुधारणा घडवून आणण्यासाठी वापरले गेले, तर श्रीलंकेसारख्या शेजारी देशाने साधलेले उद्दिष्ट भारतालाही साधता येईल.